उलट्या नालेचं अक्षर

आमच्या घरी कोणी आलं की आई आधी चहाचं आधण ठेवायची आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणेनं बोलावून विचारायची, "हा कशाला आला असेल गं?" सख्खा मामा आला तरी हाच प्रश्न. आगरची मासळीवाली टोपली उतरवायची तेव्हा आई वरच्या कोलंबीकडे बघायचीसुद्धा नाही, सरळ तळात हात घालायची. चिकूचा व्यापारी वापीहून यायचा, फाटकातूनच हसत "केम छो अप्पाशेठ" म्हणायचा, की अप्पा माझ्याकडे बघून पुटपुटायचे, "आज फार गोड बोलतोय. काहीतरी आहे." पोस्टमननं पाकीट दिलं तर ते उन्हाला धरून आतलं दिसतं का ते आधी बघायचं, मग फोडायचं. ह्याला कोणी संशय म्हणत नसे. ह्याला आमच्याकडे व्यवहार म्हणत. मी तशाच घरात वाढले, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा सगळा दोष घराला द्यायचा मोह मला होतो. पण तो द्यायचा नाही असं ठरवूनच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

वाडी आमची डहाणूच्या उत्तरेला, समुद्रापासून सायकलनं दहा मिनिटांवर. चिकूची शंभरेक झाडं, मधून मधून नारळ, कडेला भाजीचे वाफे, आणि पलीकडे भाताची खाचरं. आजोबांनी लावलेली ही वाडी कागदावर एकच होती, पण मधून पाण्याचा एक पाट जायचा आणि पाटाच्या अलीकडची झाडं आमची, पलीकडची दामूकाकाची, असं आजोबा गेल्यावर दोघा भावांनी तोंडी ठरवलं होतं. दामूकाका अप्पांचा धाकटा भाऊ. हसरा, जरा आळशी, मला खांद्यावर बसवून समुद्रावर नेणारा. रोज चार वाजता चहाला तो पाट ओलांडून आमच्या ओटीवर यायचा. अप्पा त्याच्याशी बोलायचे नीट, पण तो परत गेला की त्याच्या बाजूच्या फांद्या वाकून आपल्या बाजूला आल्यात की आपल्या तिकडे गेल्यात हे बघून यायचे.

दुपारी वाडीत एक वेगळीच शांतता असायची. म्हणजे आवाज भरपूर, पण सगळे ओळखीचे. पाण्याच्या इंजिनाची टुकटुक, सुरूच्या झाडांतून येणारा वारा, पोपट हाकलायला लखमाची बायको डबा बडवायची तो. लखमा आमचा गडी, तलासरीकडच्या उधव्याचा, वाडीच्या टोकाला झोपडी करून राहायचा. थंडीत आई मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा घालून उकडहंडी लावायची, आणि मडकं उघडलं की पहिली वाटी लखमाला जायची, कारण मडकं पुरायचा खड्डा तोच खणायचा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि ती उकडहंडी. आता मला डॉक्टरांनी बोंबील बंद केलेत. त्यांच्या डोक्यात काय आहे कोण जाणे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे झाड तोडायचं ठरलं की लाकूडवाला आधी येऊन बुंध्यावर गेरूची खूण करून जायचा. एकदा खूण पडली की ते झाड घरचं राहिलं नाही. त्याला गाय बांधायची नाही, त्याच्या सावलीत जेवायला बसायचं नाही, त्याचं फळ घरात खायचं नाही, वाटून टाकायचं. तोडायच्या दिवशी लखमा बुंध्याशी चार तांदूळ आणि नारळ ठेवून झाडाला काहीतरी सांगायचा, मग कुऱ्हाड. त्यामुळे आमच्या गावात बुंध्यावरची खूण म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मगदूमला.

मगदूम आला तो पाठीवर एक वळकटी आणि हातात पाच पत्र्याचे डबे घेऊन. पंचवीस-सव्विशीचा, कोल्हापूरकडचा, शेतकी कॉलेजात वरची पदवी करत होता. चिकूची कळी पोखरणाऱ्या अळीवर त्याला औषध शोधायचं होतं, आणि त्यासाठी दोन हंगाम चाळीस झाडं हवी होती. फुकट फवारणी म्हटल्यावर दोघे भाऊ तयार झाले. वीस झाडं आमची, वीस काकाची. पडवीतली खोली त्याला राहायला दिली आणि आठ दिवसांत त्याचं नाव पडलं अळीमास्तर. "माझी पदवी आता तुमच्या झाडांच्या हातात हाय बघा," असं तो आईला जेवताना म्हणाला होता. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतात जायची, आणि दोन वर्षांच्या वर कॉलेज त्याला पोसणार नव्हतं. आईनं त्याला भाकरी वाढली, आणि आत येऊन म्हणाली, "एवढं सगळं आपणहून कशाला सांगतो हा?"

तिसऱ्या दिवशी त्यानं काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेतला आणि चाळीस बुंध्यांवर अक्षरं काढली. α, β, γ, Δ, Ω. प्रत्येक अक्षर आठ झाडांवर, चार इकडे, चार तिकडे. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव वाडीत. पहिलं अक्षर बघून सगळे म्हणाले, हा मासा. त्यात काही वाद नव्हता, आमच्याकडे सगळ्यात आधी मासाच दिसतो. दुसरं म्हणजे दोन पोटांची बाई. तिसरी बेचकी. त्रिकोण बघितल्यावर मात्र बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या काळात भिंतीभिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण असायचा, आणि नसबंदीच्या नावानं माणसं शेतात लपायची. "झाडांची पण करतात काय?" शेजारची जानकीमावशी म्हणाली, आणि कोणी हसलं नाही. पाचवं अक्षर होतं घोड्याची नाल. पण तोंड खाली केलेली. दारावर नाल ठोकतात ती तोंड वर करून, घरात आलेलं टिकावं म्हणून. ही उलटी. आई ते बघून जी घरात गेली ती त्या रात्री जेवलीच नाही.

त्यात त्याच महिन्यात समुद्रावर तिपाईवाली माणसं दिसायला लागली होती. तीन पायांवर दुर्बीण, वाळूत लाल झेंड्या. काहीतरी येणार, एवढंच सगळ्यांना माहीत. कोणी म्हणे कारखाना, कोणी म्हणे मिलिटरी, कोणी म्हणे बंदर. काय येणार ते कळलं नाही, पण ज्याच्या वाडीवर खूण असेल त्याची वाडी जाणार हे मात्र सगळ्यांना पक्कं कळलं होतं. अळीमास्तर आणि तिपाईवाले एकाच सुमारास आले, हे अप्पांच्या मनातून काही जाईना. त्यांच्या मनात जी पाल चुकचुकली ती गप्प बसलीच नाही.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. फळ्यावर सरांनी पहिल्यांदा θ काढलं तेव्हा मी उभी राहून विचारलं होतं, "सर, शून्य खोडलं का?" सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी हट्टानं ती चोवीसच्या चोवीस ग्रीक अक्षरं पाठ केली होती, अल्फापासून ओमेगापर्यंत, भांडी घासताना म्हणायचे. म्हणून अप्पांनी मला वाडीत नेलं, बुंध्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाच."

"अल्फा. बीटा. गॅमा. डेल्टा. ओमेगा," मी वाचलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. दामूकाका म्हणाला, "शाबास शाले! अगदी मडमिणीसारखं!"

"ते झालं," अप्पा म्हणाले. "म्हणजे काय?"

म्हणजे काहीच नाही. आज एका वाक्यात सांगेन मी. ती नावं आहेत, जशी गायीला तांबू, ढवळी. भौतिकशास्त्रात लॅम्डा म्हणजे एक, दुसऱ्या कोणासाठी दुसरंच. ज्यानं ठेवलं त्यालाच विचारावं लागतं. पण वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मला जे येत होतं ते मी सांगितलं. "ओमेगा हे शेवटचं अक्षर," मी म्हणाले. "त्याच्यापुढे काही नाही."

ते खरंच होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. पण अप्पांनी मान हलवली, मागच्या माणसांनी मान हलवली, आणि मला दिसत होतं की त्यांनी काय ऐकलं. नालेचं झाड म्हणजे शेवट झालेलं झाड. मी दुरुस्त केलं नाही. करायला हवं होतं, आणि मी केलं नाही, कारण सगळे माझ्याकडे जरा आदरानं बघत होते. तो आदर मला फार आवडला होता.

दुसऱ्या दिवसापासून आईनं आमच्या बाजूच्या त्या वीस झाडांचे चिकू घरात घेणं बंद केलं. वेगळा ढीग, वेगळी टोपली, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचे. मगदूमला वाटलं, काय उदार माणसं आहेत!

मी त्याला एकदा धीर करून विचारलं, "मराठी, इंग्रजी सोडून हीच अक्षरं का?"

"कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून," तो सरळ म्हणाला. मग तो पाटाच्या कडेला बसून समजावायला लागला. पाच डब्यांत पाच द्रावणं, त्यांतलं एक नुसतं पाणी. कशात काय ते त्याच्या सरांनी एका पाकिटात लिहून, लाख लावून ठेवलेलं. "मला बी ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर मोजताना माझा डोळा लबाडी करणार. आपल्या औषधाच्या झाडावर अळ्या कमीच दिसणार मला. आकडे घातले असते तर एक नंबरचं चांगलं, पाच नंबरचं वाईट, असं तुम्ही लोकच म्हणाला असता. म्हणून ही परकी अक्षरं." पाचवं खरं एप्सिलॉन यायला हवं होतं, पण ते उलट्या तीनसारखं दिसतं, लोक मोजायला लागतील, म्हणून त्यानं ओमेगा घेतलं होतं. एवढंच.

मला पटलं. मी घरी येऊन सांगितलंसुद्धा. अप्पा सुपारी कातरत होते, ते थांबले. "फवारणारा म्हणतो, काय फवारतोय ते मला माहीत नाही. आणि तुला ते खरं वाटलं?" आता त्यांच्या तोंडून ऐकलं तर मलाही ते खरं वाटेना.

पहिला हंगाम असा गेला. वैशाखात दरवर्षीप्रमाणे बुंध्यांना चुना लावायची वेळ आली. मगदूमच्या बहिणीचं लग्न होतं, तो गावी निघाला होता. "ह्या वर्षी चुना राहू द्या की," तो अप्पांना म्हणाला. अप्पा म्हणाले, चुना नाही लावला तर खोडाला कीड लागेल, ती तुम्ही निस्तराल का? मग त्यानं आलेखाच्या कागदावर काढलेला वाडीचा नकाशा माझ्या हातात दिला. चाळीस ठिपके, प्रत्येकाजवळ अक्षर. "चुना वाळला की ह्याबरहुकूम परत काढ. तुझ्याशिवाय कुणाला येतंय हिथं?" जाताना त्यानं मला ओमेगा नीट काढायला शिकवलं, दोन्ही पाय बाहेर वळवून. माझे पाय जरा जास्तच लांब यायचे. "असू दे, चालल्यागत दिसतंय," तो हसून म्हणाला.

लखमा आणि त्याच्या बायकोनं दोन दिवसांत सगळे बुंधे पांढरे केले. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी रंगाचा डबा घेऊन निघाले, तर अप्पा ओटीवरून म्हणाले, "बघू तो कागद." मी दिला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. "आपल्या बाजूला नालेची झाडं किती?"

"चार."

"दामूकडे?"

"चार."

ते बराच वेळ कागदावर बोट ठेवून बसले. मग अगदी हळू, जणू मीठ संपलंय सांगावं तसं म्हणाले, "आपल्या चारांवर ती दोन पोटांची काढ. त्याच्याकडच्या चार दोन-पोटांवर नाल काढ. बेरीज तीच राहते."

"अप्पा, ते अळीचं आहे फक्त."

"असेल. मग कुठे असलं तरी काय बिघडलं?" आणि मी उभीच आहे हे बघून म्हणाले, "तुला एवढं शिकवलं. कॉलेजात पाठवू नको म्हणून सगळे सांगत होते तरी पाठवलं. तेवढं तरी कर."

मी केलं. कोणी माझा हात धरून काढून घेतलं नाही. आमच्या चार झाडांवर बीटा काढला, मग पाट ओलांडला. दामूकाका झोपाळ्यावर पेपर वाचत होता. "उन्हाची कशाला गं? ताक पिऊन जा," म्हणाला. मी ताक प्यायले, आणि त्याच्या आणखी चार झाडांवर नाल काढली. लांब पायांची. तो मागे उभा राहून कौतुकानं बघत होता. ताकात जिरं होतं, ते अजून दातांत अडकल्यासारखं वाटतं मला.

मगदूम परत आला, नकाशा त्यानं ट्रंकेत टाकला आणि बुंध्यावरचं अक्षर बघून फवारत राहिला. झाड खोटं बोलेल असं त्याला का वाटावं? श्रावणापर्यंत तो रोज वही घेऊन कळ्या मोजायचा, आणि हळूहळू त्याच्या कपाळावर आठी पडायला लागली. बीटाच्या झाडांचं गेल्या वर्षीसारखं काही जुळेना. आणि काकाची नालेची झाडं लगडली होती. गेल्या थंडीत काकानं झाडांच्या आळ्यांत खत म्हणून मासळीचा कुटा पुरला होता, वास आमच्या ओटीपर्यंत यायचा. पण अप्पांना वास आठवला नाही. "दामूनं अळीमास्तरला फितवलं," ते आईला म्हणाले. "नाल म्हणजे चांगलं औषध निघालं बघ. त्याला आधीच माहीत होतं." ज्याच्या गळ्यात आपण नाल बांधली, त्यानंच आपल्याला फसवलं! मी ते ऐकत होते आणि मला हसूही येईना, रडूही येईना.

चुन्यावर काढलेला रंग चुन्यासकट सुटतो, पण सालीवर काढलेला सुटत नाही. इतकी साधी गोष्ट सायन्स शिकणाऱ्या मुलीच्या लक्षात आली नाही. पाऊस संपता संपता एका दुपारी चार वाजता मगदूम ओटीवर आला. काका चहाला बसला होता, चिकूची टोपली पुढ्यात, आमच्यासाठी आणलेली. लखमा अंगणात दोर वळत होता. मगदूमच्या हातात चुन्याचा एक मोठा पोपडा होता, त्याच्यावर नालेचा एक लांब पाय. त्याखाली झाडावर बीटा निघाला होता, जुना, त्याच्या स्वतःच्या हातचा.

"चार झाडांवर असं हाय," तो म्हणाला. "तुमच्या बाजूला बी चार. दुसरा हंगाम सगळा गेला माझा. कुणी केलं?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. "चुना लखमानं लावला. त्यानंच काहीतरी घोळ केला असेल. अडाणी माणूस."

लखमानं दोर सोडला नाही. अप्पांकडे बघून एवढंच म्हणाला, "मना माझा नाव पन लिवाय नाय येत, दादा."

"लखमा न्हाई," मगदूम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "ह्या गावात ही अक्षरं काढणारे हात दोनच हायत. एक माझा."

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. अप्पा चहाकडे बघत होते, काका पोपड्याकडे. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला. मी म्हणाले, "मी काढलं." मग काका विचारेल म्हणून वाट बघितली, पण त्यानं का म्हणून विचारलं नाही, त्यामुळे मीच सांगितलं. नाल म्हणजे तोडायचं झाड असं आम्हाला वाटलं होतं, म्हणून. अप्पांचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

दामूकाकानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "दादा, तुझी वाचावीत म्हणून माझी?" अप्पांनी सुपारीचा डबा उघडला आणि बंद केला. काका उठला. टोपली तशीच ठेवून, चपला हातात घेऊन पाटातून पलीकडे गेला. पुढच्या आठवड्यात पाटाच्या कडेनं खांब उभे राहिले आणि काटेरी तार आली. चार वाजताच्या चहाला आईनं कितीतरी दिवस एक कप जास्त टाकला.

मगदूमनं तीन दिवसांत वळकटी बांधली. मी फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, "तुला म्हाईत नव्हतं तर म्हाईत न्हाई म्हणायचं होतंस. तेवढंच शिकायला लागतंय कॉलेजात, बाकी सगळं पुस्तकात असतंय." त्याला पदवी मिळाली नाही. सहा महिन्यांनी त्याचं कार्ड आलं, माझ्या नावानं. एका खताच्या दुकानात नोकरीला लागला होता. आईला नमस्कार, लखमाला विचारलं म्हणून सांगा. आणि शेवटी एक ओळ, सरांनी पाकीट फोडलं, ओमेगा म्हणजे नुसतं पाणी होतं.

मी ते कार्ड अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असं तो लिहितो." तेवढंच. कॉलेज त्यांनी बंद केलं नाही, पण त्यानंतर कधीही, अगदी विजेचं बिलसुद्धा, मला वाच म्हणून दिलं नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन वाचून आणायचे. लखमा होळीला उधव्याला गेला तो आलाच नाही. खड्डा खणायला कोणी नाही म्हणून त्या वर्षी उकडहंडी झाली नाही, असं आई सांगायची. खरं तर तिचं मनच नव्हतं.

मी पुढे शिक्षिका झाले. तीस-बत्तीस वर्षं पोरांना हीच अक्षरं शिकवली. त्रिकोणाच्या कोनावर थीटा, वर्तुळात π, तारेचा रोध ओहममध्ये, ज्याचं चिन्ह म्हणजे तीच नाल. वर्गात पहिल्या दिवशी सांगायचे, ह्यांना स्वतःचा अर्थ नसतो, आपण देतो तो. पोरं वहीत उतरवून घ्यायची. महामारीत टीव्हीवर डेल्टा आला, मग ओमिक्रॉन, तेव्हा शेजारणी फोन करून विचारायच्या, "बाई, ओमिक्रॉन म्हणजे काय? शेवटचा ना हा?" मी म्हणायचे, नाही गं, नुसतं नाव आहे, एका देशाच्या माथी बदनामी नको म्हणून अक्षर दिलंय. त्या हो हो म्हणायच्या, आणि फोन ठेवून दुसऱ्या कोणाला तरी विचारायच्या.

गेल्या महिन्यात पुन्हा माणसं आली. आता वाढवणच्या बंदराचं चालू आहे, मोर्चे, सभा, काळे झेंडे, रोज काहीतरी. ही माणसं त्यांतली की दुसरी कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. तिपाई आता छोटी असते आणि वर पिवळा डबा. दुपारी मी जरा पडले होते, उठून बघते तर आमच्या काही बुंध्यांवर पिवळा त्रिकोण, खाली आकडा. काका आणि अप्पा दोघेही जाऊन बरीच वर्षं झाली. तारेपलीकडे काकाचा मुलगा वसंता उभा होता. तोही आता साठीचा, गुडघे धरून चालणारा. आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं.

"शालूताई," त्यानं हाक मारली. "हे काय लिहिलंय गं?"

"डेल्टा."

"म्हणजे?"

मी चष्मा लावून नीट बघितलं. आकडा बघितला. आणि इतक्या वर्षांनी, अगदी सहज, ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले. "मला माहीत नाही, वसंता."

"तुला? तू तर हेच शिकवलंस आयुष्यभर."

"खरंच माहीत नाही रे. ज्यांनी काढलं त्यांना विचारावं लागेल. उद्या दोघं मिळून जाऊ कचेरीत."

"म्हणजे सांगायचं नाहीये तुला," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं समजल्यासारखं. मग नजर चुकवत, "तुमच्या बाजूला पण आहेत ना? की आमच्याकडेच?"

मी तारेजवळ गेले. एका खांबाशी ती गंजून सैल झाली होती, ती पायानं दाबून धरली आणि म्हणाले, "ये. आत येऊन स्वतः बघ." तो घुटमळला, मग धोतर सावरत अलीकडे आला. ती तार लागल्यापासून पहिल्यांदा. तो एकेका झाडाजवळ जाऊन, बुंध्यावर हात ठेवून, मोठ्यानं मोजत गेला. एके ठिकाणी नखानं रंग खरवडून खाली दुसरं काही नाही ना तेही बघितलं. सात झाले. मग तो परत तार ओलांडून आपल्या वाडीत गेला, आणि तिथले मोजले. तेही सात.

मग तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.